दहा वर्षं चालणारा टीव्ही घ्यायचाय? आधी त्याची पाठ बघा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यात समुद्राजवळ घर, आईवडील तिथे, मुलगा ठाण्याला. घराची डागडुजी काढली आहे, गिलावा अजून व्हायचाय. बत्तीस इंची जुना ‘एचडी रेडी’ टीव्ही बदलायचा आहे, त्यावर एचडी वाहिनीही टोकदार दिसत नाही आणि स्कोअर वाचायला वडिलांना उठून पुढे यावं लागतं. बसायची जागा भिंतीपासून दहा फुटांवर. पन्नास हजारांपर्यंत खर्चाची तयारी. छत्री आहेच, गावात नुकतंच फायबरही आलंय. “आज चॅनेल एचडीत येतात, उद्या ४के येतील, परवा ८के. दहा वर्षं बघायला नको असा कुठल्या रेझोल्यूशनचा घ्यावा?”

पंचावन्न इंची ४के घ्या. ८केचा विचार डोक्यातून काढा. वाचलेले पैसे अर्थिंगमध्ये आणि भिंतीतल्या एका पाइपात घाला. आता कारणं सांगतो. चिपळुणात टीव्ही विकायचा आणि दुरुस्तीचा धंदा असल्यामुळे त्यातली निम्मी कारणं दुकानाच्या पुढच्या बाजूची आहेत आणि निम्मी मागच्या टेबलावरची.

आधी आकडे. जुन्या साध्या चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर ठिपके. फुल एचडी १९२० बाय १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाख. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, जवळजवळ त्र्याऐंशी लाख. आणि ८के ७६८० बाय ४३२०, सव्वातीन कोटींच्या वर. जाहिरातीतला माणूस इथेच थांबतो. पण हे ठिपके बघणारा डोळा काही दरवर्षी नवीन मॉडेलमध्ये येत नाही. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाचा साठावा भाग एवढा बारकावा सुटा दिसतो, त्याखालचं सगळं एकजीव होतं. हा हिशेब लावला तर त्रेचाळीस इंची फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांच्या पलीकडे दिसेनासे होतात, पंचावन्न इंचीचे सात फुटांच्या पलीकडे, पासष्ट इंचीचे साडेआठ फुटांच्या. तुम्ही बसणार दहा फुटांवर. तेवढ्या लांबून ४के पडद्याचे ठिपके सुटे दिसायला पडदा दीडशे इंचांच्या वर लागेल, म्हणजे नुसती रुंदीच अकरा फूट. ८के हा त्याच्याही पुढचा प्रकार. तुमच्या ओटीला तेवढी मोकळी भिंत असेल तर टीव्ही राहू द्या, तिथे आणखी एक खोली काढा.

मग या हिशेबाने दहा फुटांवरून ४के तरी कशाला, असं तुम्ही विचाराल, आणि ते बरोबरच आहे. नुसत्या ठिपक्यांसाठी घेऊ नका. पण आता पंचावन्न इंचात फुल एचडी सेट बाजारात जवळपास मिळतच नाही. नवे चिप, नवे पोर्ट (पाठीमागच्या वायर लावायच्या खाचा), नवे कोडेक (त्याचं पुढे सांगतो) सगळे ४के सेटमध्येच येतात. म्हणजे ४के हे त्या सामानासोबत येतं, फुकटात आलं समजा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे तुमच्या बजेटात पंचावन्न इंची आरामात बसतो. आकार मात्र जरूर वाढवा. वडिलांना स्कोअर वाचायला उठून पुढे यावं लागतं, ते रेझोल्यूशनमुळे नाही, बत्तीस इंचांमुळे.

तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा ‘उद्या येणारा सिग्नल’ हा आहे. आणि तिथे पडद्यापेक्षा दरवाजा महत्त्वाचा. याची गोष्ट फार जुनी नाही. २०१३-१४ च्या सुमारास पहिले ४के सेट आले तेव्हा लोकांनी लाखाच्या वर पैसे मोजले. पडदा खरोखर ४केच होता. एचडीएमआय म्हणजे बॉक्सचं चित्र आणि आवाज एकाच वायरने टीव्हीत आणणारी जोडणी. पण त्यातल्या बऱ्याच सेटचे पोर्ट एचडीएमआय १.४चे, म्हणजे ४के घेतलं तरी सेकंदाला ३० चित्रंच. ६० चित्रं घेणारं २.० हे २०१३च्या सप्टेंबरात जाहीर झालं. त्याहून वाईट म्हणजे कित्येक सेटमध्ये एचडीसीपी २.२ नव्हतं. हे म्हणजे चोरून नक्कल होऊ नये म्हणून बॉक्स आणि टीव्ही यांच्यात होणारी ओळख-परेड. ती पटली नाही तर ४के बॉक्स सरळ १०८० देतो, नाहीतर पडदा काळा. म्हणजे ‘भविष्यासाठी’ घेतलेले सेट भविष्य दारात आल्यावर त्याला आत घेऊ शकले नाहीत. त्याच काळात थ्रीडीचे चष्मेही लोकांच्या गळ्यात मारले होते. २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी थ्रीडी टीव्ही बनवणंच सोडलं.

म्हणून सेट घेताना मागे जाऊन पोर्ट बघायचे. ‘एचडीएमआय २.१’ एवढ्या छापील आकड्यावर जाऊ नका. २.० मधली कामं आता २.१ चाच भाग धरली जातात आणि २.१ची बरीच नवी वैशिष्ट्यं ऐच्छिक आहेत. त्यामुळे सेकंदाला १८ गिगाबिट घेणाऱ्या पोर्टवरही २.१ लिहिता येतं, आणि पूर्ण ४८ घेणाऱ्यावरही. विक्रेत्याला आकडा विचारण्यापेक्षा सरळ विचारा, “४के १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, कुठल्या पोर्टला घेतो?” बहुधा उत्तर येईल, एकाच किंवा दोनच. तुमच्या आईवडिलांना १२० ची गरज नाही. ते गेम खेळणाऱ्यांचं काम. भाचेमंडळी सुट्टीत प्लेस्टेशन घेऊन येणार असतील तरच त्यासाठी जास्त पैसे मोजा. तुम्हाला हवं ते एवढं: निदान तीन पोर्ट, तिन्ही ४के ६० घेणारे, तिन्हींवर एचडीसीपी २.२ किंवा पुढचं, आणि एकावर ईएआरसी, म्हणजे पुढे साउंडबार लावला तर वायर एकच. २०२५ मध्ये एचडीएमआय २.२ही जाहीर झालं आहे, सेकंदाला ९६ गिगाबिटचं. त्याची वाट बघत बसण्यासारखं तुमच्या घरी काही येणार नाही.

तीन पोर्ट कशाला, बॉक्स तर एकच आहे? ते पुढे सांगतो. ते कोकणातलं कारण आहे.

पोर्ट चांगला असूनही फसगत होते ती सेटिंगमध्ये. कितीतरी सेट पेटीतून काढल्यावर पोर्ट जुन्या पद्धतीवरच ठेवलेले असतात. ४के बॉक्स लावला तरी चित्र १०८०चंच, आणि गिऱ्हाईक आम्हाला फोन करून म्हणतं, फसवलंत. मेनूत जाऊन त्या त्या पोर्टपुरती एक गोष्ट चालू करावी लागते. कुठे तिचं नाव ‘इनपुट सिग्नल प्लस’, कुठे ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, कुठे ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. तिथेच जवळपास चित्राच्या मापात ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असतं, तेही चालू करा. नाहीतर सेट चित्राच्या कडा कापून उरलेलं ताणून दाखवतो आणि ४के घेऊन तुम्ही धूसर चित्र बघता.

आता तुमच्या घरात प्रत्यक्ष काय येतं ते बघू. छत्रीवरची एचडी वाहिनी म्हणजे १०८०आय, सेकंदाला ५० अर्धी चित्रं: एकदा विषम ओळी, एकदा सम. त्या जोडून एक चित्र करायचं काम टीव्हीचं. भारी आणि स्वस्त सेटमधला फरक मी गिऱ्हाइकाला नेहमी इथेच दाखवतो. क्रिकेट लावायचं आणि कॅमेरा सीमारेषेबरोबर पळत असताना दोरीकडे बघायचं. स्वस्त सेटवर दोरी करवतीच्या दातांसारखी दिसते. ४केचा डेमो व्हिडिओ सगळ्याच सेटवर छान दिसतो, म्हणून दुकानात तोच चालू असतो. तुम्ही हट्टाने छत्रीचं चॅनेल लावायला सांगा, त्यातही एखादं साधं, एचडी नसलेलं. आईची मालिका त्यावर येते ना? चार लाख ठिपक्यांवरून त्र्याऐंशी लाख भरायचे म्हणजे वीसपट भर टीव्हीने स्वतःच्या मनाने घालायची. ते ज्याला नीट जमतं तो सेट घ्या.

तुमचा जुना टीव्ही एचडी असून एचडी वाहिनी कधी टोकदार का दिसली नाही, याचंही उत्तर इथेच आहे. ‘एचडी रेडी’ बत्तीस इंची पडदा बहुतेक १३६६ बाय ७६८ असतो. कुठलीच वाहिनी त्या मापात येत नाही. ७२० आलं तर किंचित फुगवायचं, १०८० आलं तर दाबायचं, दोन्हीकडे अपूर्णांकाचा भागाकार. ४केचा एक न सांगितला जाणारा फायदा म्हणजे २१६० ला १०८० ने बरोबर दोनदा भाग जातो आणि ७२० ने तीनदा. जुनं चित्र बसवायला हे माप सोयीचं आहे. अजून कित्येक वर्षं तुमच्याकडे बहुतेक चॅनेल १०८०मध्येच येणार, तेव्हा हा फायदा रोजचा आहे.

४के येईल ते फायबरवरून. २०१५च्या विश्वचषकाच्या वेळी डीटीएचवाल्यांनी ४के बॉक्स काढले होते, पण चॅनेलची रांग काही लागली नाही. उलट २०२३चं आयपीएल मोबाइल ॲपवर ४केमध्ये फुकट दाखवलं गेलं. वारं कुठल्या दिशेने आहे ते त्यावरून कळतं. शिवाय आषाढात छत्रीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. डिशचा सिग्नल ज्या केयू बँडवर येतो तो मुसळधार पावसात शोषला जातो, आणि नेमक्या बातम्या बघायच्या वेळी चित्राचे चौकोन होतात. फायबरला तो त्रास नाही. नेटफ्लिक्स ४केला १५ एमबीपीएस मागतं, म्हणजे गावातला साधा प्लॅनही पुरतो. अडचण येते ती घराच्या आत. चिऱ्याची भिंत वायफाय गिळते. राउटर पडवीत आणि टीव्ही माजघरात असेल तर मध्ये चांगली जाड भिंत येते, आणि ५ गिगाहर्ट्झचा वायफाय तिथेच दम तोडतो. लॅन केबल ओढा. टीव्हीच्या लॅन पोर्टचा वेग बहुतेक सेटवर १०० एमबीपीएसच असतो. ४केला तो भरपूर झाला.

इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रासाठी रेझोल्यूशनइतकाच कोडेक महत्त्वाचा. एवढे ठिपके दाबून पाठवायची पद्धत म्हणजे कोडेक. एचईव्हीसी आता सगळ्याच ४के सेटमध्ये असतं. एव्ही१ आहे का ते मात्र आवर्जून विचारा. २०१८ साली आलेला हा प्रकार यूट्यूब आणि नेटफ्लिक्स दोन्ही वापरतात आणि तो चिपमध्येच असावा लागतो, मागून अपडेटने घालता येत नाही. गोदामात पडून राहिलेलं जुनं मॉडेल ‘ऑफर’मध्ये मिळतं, त्यात नेमकं हेच नसतं. मेमरीसुद्धा बघा. दीड जीबी रॅमचा स्मार्ट टीव्ही तीन-चार वर्षांत ॲप उघडायला एवढा वेळ लावतो की तोवर चहा होतो. तेव्हा टीव्ही बदलू नका, एचडीएमआयला ॲप चालवणारी चार-पाच हजारांची स्टिक लावा. पडदा दहा वर्षं टिकू शकतो, त्यातला मेंदू नाही. तो बाहेरून बदलायची सोय म्हणजेच पोर्ट.

एचडीआरबद्दल, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राबद्दल, थोडक्यात. पेटीवर एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की तो सिग्नल सेट आत घेतो. दाखवायला उजेड लागतो. सिनेमा साधारण १००० निट्सच्या (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप) हिशेबाने रंगवलेला असतो आणि तुमच्या बजेटातले सेट २५०-३५० निट्सच्या आसपास असतात. दुपारी ओटीचं दार उघडं ठेवून बघणार असाल तर एचडीआरच्या चिठ्ठीपेक्षा पडद्यावर चकाकी कमी पडते का ते बघा.

आता कोकणातलं कारण. मृगाआधी आणि पुन्हा ऑक्टोबरात विजा पडतात तेव्हा आमच्याकडे सेट यायला लागतात, आणि त्यातल्या पुष्कळ सेटचं दुखणं सारखं असतं: टीव्ही चालू होतो, पण एक एचडीएमआय मेलेला. छपरावरची छत्री, तिची तांब्याची केबल, ती सेट-टॉप बॉक्सला, बॉक्समधून एचडीएमआय टीव्हीला. जवळपास वीज पडली की त्या वाटेने झटका आत येतो. लोक स्विच बंद करतात, प्लगही काढतात, पण छत्रीची केबल तशीच राहते. म्हणून गडगडाट सुरू झाला की दोन्ही काढायचं: प्लग आणि बॉक्समागची स्क्रूची केबल. आईंना एकदा करून दाखवा, सवय होईल. आणि म्हणून तीन पोर्ट. एक गेला तर मेन बोर्ड बदलेपर्यंत दुसऱ्यावर काम चालतं. स्वस्त सेटला दोनच पोर्ट असतात. एक विजेने नेला, एकावर स्टिक, मग बॉक्स कुठे लावणार? फायबरची काच वीज वाहून नेत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. तरी राउटरचा ॲडॉप्टर काढायचाच.

स्टॅबिलायझरवर भिस्त ठेवू नका. आताचे सेट १०० ते २४० व्होल्टवर चालतात, कमी दाबाने त्यांना काही होत नाही. धोका लाइट गेल्यावर झटक्याने परत येते तेव्हा आणि वीज पडते तेव्हा. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर घ्या, पण तो जास्तीचा झटका जमिनीत सोडतो, तेव्हा जमीन जोडलेली असली पाहिजे. आपल्याकडे कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा मार्चपासून कोरडाठक पडतो, आणि विजा नेमक्या मे-जूनच्या तोंडावर येतात. डागडुजी काढलीच आहे तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. काम फुकटचं आहे, पण कोणी करत नाही.

विजेपेक्षा सावकाश मारते ती खारी हवा. समुद्राजवळच्या घरातला सेट उघडला की पडद्याच्या कडेला पातळ लवचीक पट्ट्या दिसतात, एका टोकाला बोर्डात आणि दुसऱ्या टोकाला काचेला चिकटवलेल्या. त्यांच्या कनेक्टरवर हिरवट-पांढरी पूड बसलेली असते. पडद्यावर उभ्या रेषा येतात त्या इथून. फुल एचडी पडद्याला उभ्या रेघा १९२० गुणिले तीन रंग, म्हणजे ५७६०. साधारण ४केला त्या ११५२०, ८केला त्याच्या दुप्पट. रुंदी तीच आणि रेघा वाढल्या की प्रत्येक जोड बारीक होतो, आणि बारीक जोडाला गंज कमी पुरतो. जुलै २०२१च्या पुरानंतर चिखलातून काढलेले काही सेट धुऊन वाळवून चालू झालेले मी बघितलेत. खाऱ्या हवेने खाल्लेली पट्टी मात्र सहसा परत येत नाही. नवीन पॅनेलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीएवढी होते, आणि गंज किंवा वीज बहुतेक वॉरंटीच्या अटींत बसत नाही. घेताना एवढं विचारा, की कंपनीचा माणूस तुमच्या गावात घरी येतो का, की सेट रत्नागिरीला पोचवा म्हणतो.

तेव्हा पश्चिमेच्या, पावसाचा मारा येणाऱ्या भिंतीवर टीव्ही लावू नका. आतल्या भिंतीवर लावा, मागे दोन बोटं जागा सोडून. वर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, दमट हवा आतच कोंडते. पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालवा, म्हणजे स्वतःच्या उष्णतेने तो आतून सुका राहतो. आईवडील श्रावणात ठाण्याला येत असतील तर शेजाऱ्यांना किल्ली देताना हेही सांगून ठेवा. आणि पाठीमागच्या जाळीतून पाली आत जाऊन पावर बोर्डावर आडव्या होतात. शॉर्ट झालेल्या बोर्डावर त्या सापडतात, टीव्हीही जातो आणि पालही. मागे दिवसभर उबदार कोपरा मिळाला तर ती तरी दुसरीकडे का जाईल?

आणि तो पाइप. गिलावा व्हायचाय म्हणालात, म्हणून हे आधी करा. जिथे टीव्ही लागणार तिथून खाली, बॉक्स ठेवायच्या जागेपर्यंत दीड-दोन इंची पाइप भिंतीत बसवा, कोपरे काटकोनात न घेता वळणदार घ्या आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. चिऱ्यात नंतर खाच मारायची म्हणजे धूळ, कटकट आणि मिस्त्रीचे नखरे. वायर भिंतीत कायमची गाडू नका. आज १८ गिगाबिटची ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल पुरेल, उद्या ४८ची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लागली तर दोरीला बांधून ओढली की झालं. लांबी पाच मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे साध्या केबलवर मोठे सिग्नल तुटायला लागतात. लॅनची वायर दुसऱ्या छोट्या पाइपातून न्या. पॉइंटचे सॉकेट टीव्हीच्या मागे झाकून न टाकता बाजूला घ्या, म्हणजे वीज कडाडायला लागली की वडिलांना प्लगपर्यंत हात घालता येईल.

जुना बत्तीस इंची भंगारात देऊ नका. त्याला मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना आहेत, नव्या सेटवर त्या बहुधा नसतील. फार तर एखादं छोटं भोक असेल, त्याला वेगळी जोडवायर लागते. तुमच्याकडे फ्री डिशचा जुना बॉक्स किंवा लग्नाच्या सीडी असतील तर त्या याच टीव्हीवर बघायच्या. स्वयंपाकघरात पाच फुटांवर लावलात तर बत्तीस इंचही भरपूर होतात.